दोरवाल्याचं खरं नाव

माझा बाप सहासष्ट वर्षांचा आणि पारुलियान एक्कावन्नचा, तरी बाप त्याला 'काका' म्हणायचा. म्हणायचा म्हणजे काय, म्हणावंच लागायचं. आम्हा तोबा लोकांत वय कोण विचारतो? मूळपुरुषापासून तू कितव्या पिढीतला एवढं सांग, की कुणाचा काका आणि कुणाचा पुतण्या ते तिथल्या तिथे ठरलं. पारुलियान चौदावा, बाप पंधरावा. झालं! माझ्या कॉफीच्या दुकानात पाय ठेवला की पारुलियान हाक ठोकायचा, "काय रे पुतण्या, काकाला बघून उठायची पद्धत विसरलास काय?" आणि माझा बाप कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी बाकावरून उठायचा. पारुलियान ऐसपैस बसायचा, माझी कॉफी ढोसायचा, वर म्हणायचा, "रौली, साखर घालताना हात आखडतेस बाई तू." मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बापाचं नाव मांगासी. एकोणतीस वर्षं त्याने तळ्यातल्या आमच्या सामोसिर बेटावरून पलीकडच्या काठाला जाणाऱ्या लाँचचं इंजिन सांभाळलं. नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठला नट ढिला झालाय. घरी मात्र आईने दहा हाका मारल्या तरी त्याच्या कानात शिरायच्या नाहीत. बोलण्यात फटकळ, पण मन लोण्याचं. आणि थोडा फुशारकीखोरही, आपलाच बाप म्हणून लपवत नाही.

गावात त्याला मांगासी म्हणून कुणीच हाक मारत नाही. आमच्याकडे पहिलं मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव बासनात गेलं. मी थोरली, म्हणून तो 'रौलीचा बाप'. नातवंड झालं की पुन्हा नवं नाव, 'अमक्याचा आजा'. थोरामोठ्यांचं खरं नाव तोंडातून काढलं तर थोबाडीत बसते. मी सहा वर्षांची असताना एकदा खाल्लेली आहे. मला मूलबाळ नाही. माझ्या तिन्ही बहिणींची पोरं अंगणभर हुंदडतात, त्यांच्या नावाने आता तरी 'आजा' हो, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. बाप म्हणतो, "एकदा लाँचवर नाव रंगवलं की रंगवलं. पुन्हा कोण खरवडत बसतो?"

आमचं कूळ सिगालुंग. पण त्यातली आमची चार घरं आडनाव लावतात सिपारताली, म्हणजे दोरवाले. हे आडनाव कुठून आलं याची बापाकडे एक फर्मास गोष्ट होती. त्याचा पणजा, 'होत्माचा बाप' म्हणून ओळखला जाणारा, असा काही आडदांड होता की डोंगरातून उतरलेल्या सात दरोडेखोरांना त्याने एकट्याने एकाच दोराने बांधलं आणि बाजारात आणून बसवलं. ही गोष्ट बापाने लाँचवरच्या निदान दहा हजार उतारूंना तरी ऐकवली असेल. पहिल्यांदा दरोडेखोर तीन होते, असं आई सांगते.

तर त्या वर्षी सगळ्या सिगालुंगांनी मिळून वाडवडलांचं स्मारक बांधायला घेतलं. जुन्या थडग्यांतून हाडं काढायची, हळदीच्या पाण्याने धुवायची, पेट्यांत भरायची आणि स्मारकात पिढीवार ठेवायची. समोर काळा दगड, त्यावर सगळी नावं. समितीचा अध्यक्ष कोण? दुसरं कोण असणार! पारुलियान. त्याच्याकडे कुळाची वंशावळीची वही होती. एका शाळामास्तरने पन्नास वर्षांपूर्वी घरोघर विचारून आणि चर्चच्या नोंदी चाळून ती लिहिलेली. त्या वहीत आमची ओळ अशी होती: होत्माचा बाप, त्याचा मुलगा सारबुनचा आजा, त्याचा मुलगा सारबुनचा बाप, आणि त्याचा धाकटा मुलगा मांगासी, म्हणजे माझा बाप. सारबुन हे माझे थोरले काका. ते वारले, तेव्हा मी शाळेत होते.

मंगळवारी आमच्या टेकडीवर खणायला घेतलं. सारबुनच्या आजाचं थडगं लगेच सापडलं. होत्माच्या बापाचं काही केल्या सापडेना. अख्खा उतार उकरला, दोन मुळं आणि एक फुटकं मडकं मिळालं. पारुलियान घड्याळ बघून म्हणाला, "राहू दे. पेटीत मूठभर माती टाकू. दगडावर नाव आहेच."

मी हळद कालवत होते. माझ्या तोंडाला कुठे कुलूप असतं! म्हटलं, "पण हा होत्मा कोण? वहीत बाप आहे, पण होत्मा कुठेय?"

"अगं, सारबुनच्या आजाचंच खरं नाव होत्मा असणार," पारुलियान म्हणाला. "होत्माचा बाप, म्हणून त्याचा मुलगा होत्मा. एवढं साधं कळत नाही? तू हळद कालव."

बाप फावड्यावर रेलून उभा होता. बिघडलेलं इंजिन ऐकताना करतो तशी त्याने मान तिरकी केली. "काका," तो म्हणाला, "आणि आजाचं खरं नाव दुसरंच काही निघालं तर?"

"तर काय?"

"तर हे दोघं नाहीतच. माणूस एकच. आधी होत्माचा बाप, मग नातू झाल्यावर सारबुनचा आजा. मास्तरने एकाला दोन करून ठेवलं. म्हणून तर दुसरं थडगं सापडत नाही."

आम्हा खणणाऱ्यांची फावडी थांबली. कारण हिशेब प्रत्येकाला जमला होता. मधली एक पिढी गळली की बाप पंधरावा नाही, चौदावा. पारुलियानच्या बरोबरीचा. आणि आमची शाखा मूळपुरुषाच्या थोरल्या मुलाची, त्याची धाकट्याची. म्हणजे पारुलियान काका नव्हेच, माझ्या बापाचा धाकटा भाऊ!

पारुलियानचा चेहरा आंबट झाला. "पुरावा आण," तो म्हणाला. "शनिवारी जेवणावळ आहे, पाथरवट दुपारी नावं कोरायला घेणार. एकदा कोरलं की तुझी पतवंडंसुद्धा माझ्या पतवंडांना काका म्हणतील."

आता आली का पंचाईत! आजाचं खरं नाव सांगणार कोण? त्याच्या हयातीत ते कुणी उच्चारलं नाही, मेल्यावर तर नाहीच. बाप जन्मला त्याच्या आधीच आजा गेलेला. बापाने गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना विचारलं. एकाने तर असं अभद्र विचारल्याबद्दल काठी उगारली. बुधवारी संध्याकाळी बाप दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "संपलं, रौली. मी मरेपर्यंत उठत राहणार."

त्याचा तो आवाज मला सोसवेना. मी चिडून म्हटलं, "अरे बाबा, माणूस बाप व्हायच्या आधी काय असतो?"

"काय असतो?"

"नवरदेव असतो! लग्नाला गेला तेव्हा त्याला कुणाचा बाप म्हणून हाक मारली असेल? तुझ्या आजीच्या माहेरी जाऊ. तिथे तो नावानेच गेला असणार."

बापाने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "तुझी आई म्हणते ते खोटं आहे. तुला अक्कल आहे."

गुरुवारी सकाळी डुकराच्या मटणाचं पातेलं फडक्यात बांधून आम्ही लाँचने पलीकडे निघालो. ज्या घराने आपल्याला मुलगी दिली त्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि मटणच न्यायचं असतं. ते आपल्याला मासा देतात. आमच्यात मुलगी देणाऱ्या घराचा शब्द देवाच्या खालोखाल. त्यांनी म्हटलं की विषय संपला. वाटेत नव्या इंजिनवाल्याला बापाने चार सूचना केल्या, त्याने त्या ऐकल्या नाहीत, आणि बापाने मला तासभर ते ऐकवलं.

बापाच्या आजीचं माहेर लुंबान आरो, भाताच्या खाचरांत बसलेली सहा घरं. तिथे नव्वदीची एक म्हातारी होती, लामरियाची आजी. दात नाहीत, पण जीभ सुरीसारखी. बापाच्या आजीच्या धाकट्या भावाची ती सून.

बापाने पातेलं पुढे ठेवलं, वाकला आणि म्हणाला, "आजी, तुमच्या घरची मुलगी ज्याला दिली तो माझा आजा. त्याचं नाव हवंय. खरं नाव."

"सत्तर वर्षांनी उगवलात," म्हातारी म्हणाली. "आधी मटण दाखव."

झाकण काढलं. तिने वास घेतला, एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ हिरड्यांनी चघळला. "तिरफळ कमी आहे. कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"कळलंच. मारोजाहान."

"काय?"

"मारोजाहान नाव त्याचं. माझे सासरे त्याला असंच म्हणायचे, थट्टेने. मेहुणे होते ना! लग्न झालं तेव्हा सासरे एवढेसे होते, रेड्याच्या पाठीवर बसवायच्या वयाचे. घरात दुसरा पुरुष नाही. म्हणून मारोजाहान इथेच राहिला. दहा वर्षं."

बाप अडखळला. "इथे राहिला म्हणजे?"

"म्हणजे घरजावई, दुसरं काय!" म्हातारी खदखदून हसली. "या इथे, ओसरीवर बसून काळ्या माडाच्या तंतूंचे दोर वळायचा. रेड्यांची दावी, वेसणी. पंचक्रोशीतले लोक त्याचेच दोर न्यायचे. तुमचं आडनाव उगीच पडलंय होय?"

मी बापाकडे बघायचं टाळलं. सात दरोडेखोर डोळ्यांदेखत पळून गेले होते.

"आणि होत्मा?" मी विचारलं.

म्हातारीने हात पुसले. ती एकदम वेगळ्या आवाजात बोलायला लागली. "होत्मा त्याची पहिली मुलगी. इथेच झाली. दोर वळताना दुसरं टोक ती धरून बसायची. सासरे सांगायचे, ती सोडून बाकी कुणी टोक धरलेलं त्याला चालायचं नाही. नऊ वर्षांची असताना देवी आल्या आणि गेली. मग त्याचं इथे मन लागेना. बायकोला घेऊन बेटावर परतला. तिकडे मुलगे झाले. लोक म्हणाले, आता तू याचा बाप, त्याचा बाप. तो म्हणाला, मी होत्माचा बाप आहे, दुसऱ्या कुणाच्या नावाने हाक मारलीत तर ओ देणार नाही. आता गेलेल्या पोरीचं नाव येताजाता त्याच्या तोंडावर घ्यायला लोकांची जीभ रेटेना. स्वतःचं नाव तर घ्यायचं नाही. मग काय म्हणणार? म्हणाले, दोरवाला."

बाप खाली बघत होता. शेवटी म्हणाला, "मग सारबुनचा आजा कसा झाला?"

"म्हातारा झाला. दमला असेल," म्हातारी म्हणाली. "चला, पोरीची जागा दाखवते."

खाचराच्या बांधावर हातभर उंचीचा एक दगड होता, भोवती गवत काढून स्वच्छ केलेलं. शंभर वर्षं या घराच्या सुना तिथलं गवत काढत आल्या होत्या. वहीत मुलगी लिहायची पद्धत नाही म्हणून मास्तरने तिला लिहिलं नव्हतं, आणि ती लिहिली नाही म्हणून तिच्या एका बापाचे दोन झाले होते. मास्तर समोर असता तर मी त्याला तिथेच खाचरात उभं केलं असतं.

परतताना बाप इंजिनाकडे फिरकला नाही. मला वाटलं खूश असेल. पण तो कठड्याला धरून बसला होता.

"घरजावई," तो म्हणाला. "दावी वळणारा."

"मग?"

"मग काय मग! शनिवारी चारशे माणसांसमोर सांगू? एकोणतीस वर्षं मी या लाँचवर काय सांगत आलो? पारुलियान लाउडस्पीकरवरून हसेल. लोक मला रस्त्यात विचारतील, दरोडेखोर कुठे गेले म्हणून."

"नाव तेवढं सांग. बाकीचं गिळून टाक."

"नाव सांगितलं की विचारणार, कुठून कळलं, तिथे कसा राहिला, होत्मा कोण. इंजिनाचा एक भाग काढून दाखवता येत नाही, रौली."

"तर मग गप्प बस आणि उठत राहा पारुलियानसमोर!" मी ओरडलेच. दोन उतारूंनी वळून बघितलं. मला वाईट वाटलं, पण माघार घेणं आमच्या रक्तात नाही. घरी येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. शुक्रवारचा दिवसही त्याने असाच घालवला, घरातलं धडधाकट शिवणयंत्र उघडून पुन्हा बसवण्यात.

शनिवारी चारशे पानं. आमच्यात माहेरच्या कार्याला मुली-जावई मिरवायला येत नाहीत, राबायला येतात. पुरुष मंडपात माइक धरून भाषणं करतात आणि आम्ही मागे चुलाण्यांवर. मी भाताच्या हंड्याशी होते, घामाने निथळत, पण लाउडस्पीकर आमच्याच डोक्यावर बांधलेला. पारुलियानचं स्वागत, पारुलियानची प्रार्थना, पारुलियानचे आभार. मग तो म्हणाला, "आमचा पुतण्या, रौलीचा बाप, काही शोधून आणणार होता. आणलं असेल तर सांग बाबा, पाथरवट थांबलाय."

मी झारा हातात घेऊनच मंडपाच्या कनातीपाशी धावले. बाप उठला होता. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, मी शिवते म्हटलं होतं आणि विसरले होते.

"माझा आजा," बाप म्हणाला आणि थांबला. माइक शिट्टी मारायला लागला. त्याने तो थोपटून गप्प केला. "माझा आजा घरजावई होता."

मंडप असा काही फुटला हसून! पारुलियान मांडी थोपटत होता. बाप थांबला, हसू ओसरू दिलं आणि पुढे म्हणाला, "हसा. तो रेड्यांची दावी वळायचा. त्याने एकही दरोडेखोर बांधला नाही. ते सगळे मी बांधले. ज्यांनी माझी गोष्ट ऐकली त्यांनी मला माफ करा, आणि ज्यांना आवडली होती त्यांनी ठेवून घ्या." मग त्याने सगळं सांगितलं, होत्मा, तिचं टोक धरणं, देवी, त्याचा हट्ट, लोकांची अडचण. शब्द साधे होते, मधेच अडखळलाही. 'दोरवाला'पर्यंत आला तेव्हा मंडपात कुणी हसत नव्हतं.

"ही गोष्टही तूच बांधलीस कशावरून?" पारुलियान म्हणाला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोण म्हणतं रे ते?" लामरियाची आजी! दोन नातवांच्या खांद्यांवर हात टाकून, पाटीत पिवळाधमक शिजवलेला मासा घेऊन ती मंडपात शिरत होती. गुरुवारी निघताना मी तिला आवतण दिलं होतं, लाँचला उशीर झाला म्हणून आत्ता पोचली होती. मुलगी देणारं घर आलेलं बघून चारशे माणसं उभी राहिली, पारुलियानसकट. म्हातारीने माइक हातातही घेतला नाही. "मारोजाहान आमचा जावई. त्याची पोर आमच्या बांधावर आहे. आणखी काही विचारायचंय?"

कोण विचारणार! पारुलियानने वही उघडली, खिशातून पेन काढून एक ओळ खोडली. घाम पुसला. सगळा मंडप त्याच्या तोंडाकडे बघत होता. तो माझ्या बापाकडे वळला आणि दात काढताना निघतो तशा आवाजात म्हणाला, "बस, दादा."

टाळ्या काय, शिट्ट्या काय! मी झारा हंड्यावर बडवला. बापाचा चेहरा मी जन्मात तसा बघितला नव्हता. पण तो बसला नाही.

"पाथरवटाला काय सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगतो की," पारुलियान म्हणाला. "'होत्माचा बाप' खोडायचं. 'मारोजाहान, सारबुनचा आजा' ठेवायचं."

"नाही. 'मारोजाहान, होत्माचा बाप' असं लिही."

"दादा, असं कसं? वंश सारबुनकडून चाललाय. ती तर पोर. लग्न नाही, काही नाही. मुलीचं नाव आजवर दगडावर गेलेलं नाही."

"त्याने आयुष्यभर हेच मागितलं आणि कुणी दिलं नाही," बाप म्हणाला. "मी तुझा थोरला भाऊ म्हणून पहिली गोष्ट सांगतोय. लिही."

पारुलियान घुटमळला. त्याने म्हातारीकडे बघितलं, म्हातारी मटणाच्या वाटीकडे बघत होती. "उद्या सगळेच मागतील, दादा. पायंडा पडेल."

"पडू दे," बाप म्हणाला. "माझ्यासाठी मलाही तोच हवाय. नातवंडं माझी लाडकी आहेत, पण दगडावर मला रौलीचा बाप म्हणूनच जायचंय."

तो माझ्याकडे बघून म्हणाला नाही. मी कनातीमागे आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. मला मूल नाही म्हणून माझ्या नावावर हा माणूस अडकून पडलाय, असं मी किती वर्षं समजत होते. मला रडू फुटलं, चांगलं हमसून, आणि मागून बहीण ओरडली की भात करपतोय. मी डोळे पुसले आणि हंड्याकडे पळाले.